आधी विरजण, मग मासे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रंगीत माशांच्या दुकानासमोरून लहान मुलाला घेऊन जाणं हे मोठं कठीण काम आहे. पालघर असो की बोईसर, निळ्या उजेडातल्या त्या काचेच्या टाक्या दिसल्या की मुलाचे पाय तिथंच रुततात. हट्ट सुरू होतो, वाढदिवसाचा वायदा होतो आणि एक दिवस तो पाळावा लागतो. दोन फुटांची टाकी, रंगीत खडे, प्लास्टिकचा एक किल्ला आणि पिशवीतले चार गोल्डफिश असा ऐवज रिक्षातून घरी येतो. निघता निघता दुकानदारानं विचारलेलं असतं, "फिल्टर कुठला देऊ?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण किमतीकडे बघून देतात. सगळ्या खरेदीत सगळ्यांत कमी विचार करून घेतलेली वस्तू कुठली, तर फिल्टर. आणि पुढच्या महिन्याभरात टाकीत जे बरंवाईट घडतं, ते मुख्यतः त्या वस्तूवर अवलंबून असतं.

बऱ्याच घरांत वाईटच घडतं. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. एके दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. पाणी तर काचेसारखं नितळ असतं. मग दोष दुकानदाराला दिला जातो, नाहीतर नजर लागली असं ठरतं. मूल शाळेत गेलेलं असताना आईवडील तसाच दुसरा मासा आणून गुपचूप टाकीत सोडतात. तोही जातो. अखेर टाकी माळ्यावर जाते.

माझी सगळी नोकरी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या विभागात झाली. आमच्याकडे त्याला ईटीपी म्हणतात. त्यामुळं ओळखीपाळखीचे लोक मला पाण्यातला माणूस समजतात आणि फिश टँकसाठी फिल्टर कुठला घेऊ म्हणून विचारतात. प्रश्न योग्य माणसाकडे येतो, असं मला वाटतं. कारण कारखान्याची ईटीपी आणि घरातला फिश टँक या दोहोंत एकाच जातकुळीचे कामगार राबत असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एवढंच.

या कामगारांची गरज का पडते, ते आधी पाहू. मासा जे खातो त्यातली प्रथिनं पचल्यावर नको असलेला नायट्रोजन उरतो. आपण माणसं तो युरियाच्या रूपात लघवीवाटे टाकतो. माशाभोवती पाणीच पाणी असल्यानं त्याला ही यातायात करावी लागत नाही. तो सरळ अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडून देतो. शिवाय न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा कुजते, त्यातूनही अमोनिया सुटतो. नदीत किंवा तळ्यात याचं काही वाटत नाही. दोन फुटांच्या टाकीत मात्र मासा आपल्याच विषात पोहत असतो. या अमोनियाला रंग नाही आणि माशाला मारायला पुरेल एवढ्या मात्रेत आपल्याला त्याचा वासही येत नाही. म्हणून पाणी नितळ आणि मासा मेलेला, असं कोडं पडतं.

कोडं सोडवतात ते जिवाणू. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मग दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट पुष्कळच सौम्य असतं. झाडं ते खत म्हणून घेतात आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढू शकतो. हे जिवाणू अमोनिया आणि नायट्राइट यांच्यावर पोट भरतात, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये दाखवून दिलं. सव्वाशे वर्षं आपण असंच समजत होतो की हे काम दोन जातींनी वाटून घेतलेलं आहे. २०१५ साली असं आढळलं की नायट्रोस्पिरा कुळातले काही जिवाणू दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात. त्यांचा एक नमुना सापडला तो मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्येच.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. खडे, स्पंज, काच, पाइप, जिथं पाणी वाहतं आणि हवा पोहोचते तिथं ते बुळबुळीत थर करून वस्तीला असतात. तेव्हा जैविक फिल्टर म्हणजे या जिवाणूंचं बिऱ्हाड. ज्या यंत्राचे आपण पैसे मोजतो ते नुसतं घर असतं, आणि नव्या घरात पहिल्या दिवशी कोणीही राहत नसतं. दुकानदारानं खोक्यातून काढून दिलेला फिल्टर त्या दिवशी कचरा गाळतो. अमोनियाचं तो काहीही करत नाही.

इथं मला १९१४ सालची मँचेस्टरची एक हकिगत सांगायची आहे. आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे रसायनतज्ज्ञ शहराचं सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडत बसले होते. त्यातल्या अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला पहिल्या खेपेला सुमारे पाच आठवडे लागले. तोवरचा रिवाज असा, की पाणी ओतून द्यायचं, तळाचा गाळ फेकायचा आणि भांडं धुऊन पुन्हा सुरुवात करायची. या दोघांनी गाळ फेकला नाही. वरचं पाणी काढलं, गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. दुसऱ्या खेपेला वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेला आणखी कमी, आणि असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसावर आलं. आज जगभर सांडपाण्याची केंद्रं ज्या पद्धतीनं चालतात, तिचं मूळ हे आहे. या कामामागची प्रेरणा गिल्बर्ट फाउलर यांची. ते १९१६ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि काही वर्षं तिथं प्राध्यापक होते.

आपल्या घरातल्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. दही संपताना ती चमचाभर बाजूला काढून ठेवते. मँचेस्टरच्या गाळाचं काम तेच, विरजणाचं. फिश टँकचंही तसंच आहे. नव्या टाकीला विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. आपण मात्र पहिल्याच संध्याकाळी चार मासे सोडून मोकळे होतो. दूध तापवलं, विरजण लावलंच नाही आणि सकाळी दही का नाही म्हणून विचारायचं, असा हा प्रकार आहे.

आता विरजण किती दुधाला पुरेल, तेही पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली तर हिशेबानं ५६ लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ५० लिटर धरा. चार गोल्डफिशना दिवसाला एक ग्रॅम खाद्य घातलं. मुलं घालतात त्या मानानं हे कमीच. या एका ग्रॅमातून साधारण ३० मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात येतो. म्हणजे लिटरमागे दिवसाला ०.६ मिलिग्रॅम. जिवाणू नसतील आणि पाणी बदललं नाही, तर आठवड्यात आकडा ४ च्या वर जातो. माशांच्या जिवावर बेतायला एवढं बस्स होतं.

पाण्याचा पीएच इथं फार महत्त्वाचा असतो. अमोनियाचा जो भाग खरा जहाल, तो पीएच वाढला की वाढतो. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही जहाल रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ नऊ-दहा पट. आपल्या भागात कोणाकडे सूर्या नदीचं धामणी धरणातून आलेलं नळाचं पाणी असतं, कोणाकडे विहिरीचं किंवा बोअरचं. किनाऱ्याकडच्या गावांत ते कधी कधी मचूळही लागतं. म्हणून टाकी घेण्याआधी आपल्या पाण्याचा पीएच एकदा तपासून घ्या. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांचं किट मिळतं. आणि केळव्याच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले हौसेनं गोड्या पाण्याच्या टाकीत घालू नका. त्यातला चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच वर चढतो.

इतकं समजलं की फिल्टर निवडणं अवघड नाही. दुकानात उभं राहून तीन गोष्टी बघायच्या. जिवाणूंना राहायला जागा किती? त्यांना हवा किती मिळणार? आणि वीज गेली तर काय होणार?

आधी जागा. दहा सेंटिमीटरचा एक ठोकळा घेतला तर त्याच्या सहा बाजू मिळून ६०० चौरस सेंटिमीटर होतात. त्याचेच एक-एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर तीच जागा ६,००० होते. वस्तू तेवढीच, जागा दहापट. म्हणून स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, बायोबॉल अशा सच्छिद्र किंवा खूप कंगोरे असलेल्या वस्तू फिल्टरमध्ये घालतात. महागड्याच पाहिजेत असं नाही. जुन्या मंगलोरी कौलांचे सुपारीएवढे तुकडे स्वच्छ धुऊन घातले तरी चालतात. भाजलेली माती सच्छिद्र असते आणि आपल्याकडच्या कौलारू घरांच्या मागच्या अंगणात असा खजिना पडलेला असतो. फक्त रंग लावलेली किंवा डांबर लागलेली कौलं नकोत. भांडी घासायची प्लास्टिकची नवी घासणीही चालते, मात्र साबण लावलेली नको.

फिल्टरच्या खोक्यावर ठळक आकडा असतो, तासाला अमुक लिटर. तो आकडा मोटरीचा. पाणी किती वेगानं फिरतं ते त्यावरून कळतं, जिवाणूंना किती जागा आहे ते कळत नाही. टाकीच्या आत चिकटवायचा लहान पॉवर फिल्टर घेतलात, तर आकडा मोठा आणि आत काड्यापेटीएवढा स्पंज, असं बऱ्याचदा असतं. तो पाणी नितळ करतो. नितळ पाणी आणि निर्धोक पाणी यांतला फरक मात्र आपण पाहिलाच आहे. काही फिल्टरांत कोळशाची वडी असते आणि ती दर महिन्याला फेकून नवी घाला, असं लिहिलेलं असतं. कोळसा रंग आणि वास ओढून घेतो, अमोनिया ओढत नाही. आणि महिन्याभरात त्या वडीवर जी काही वस्ती झालेली असते, ती आपण केराच्या टोपलीत टाकतो.

आता हवा. एक ग्रॅम अमोनियाच्या नायट्रोजनचं नायट्रेट करायला जिवाणूंना साधारण साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. आपल्या ५० लिटरच्या टाकीत, २८ अंशांना, एका वेळी विरघळलेला ऑक्सिजन किती असतो? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. त्यातच माशांचा श्वास चालतो आणि त्यातच जिवाणूंचा. म्हणजे ही तिजोरी सतत भरत राहावी लागते. ज्या फिल्टरात पाणी हवेला भिडतं तो आपल्या उष्ण हवेत सरस. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर यात फार उजवा आहे. तो स्वस्त असतो, बिघडण्यासारखं त्यात काही नसतं आणि बुडबुडे वर येताना पाणी हलतं. टाकीच्या वर ठेवायचा टॉप फिल्टरही उत्तम. त्यात पाणी ट्रेवरून झिरपत खाली पडतं आणि वाटेत भरपूर हवा घेतं. पूर्वीच्या टाक्यांत खड्यांखाली जाळी घालून पाणी खड्यांतून ओढायची पद्धत होती. जागा खूप, पण जाळीखाली गाळ साठतो आणि तो काढताना घाम निघतो. मोठ्या टाकीला कॅनिस्टर म्हणजे बंद डब्याचा फिल्टर लावतात. त्यात माल भरपूर मावतो, मात्र डबा बंद असल्यानं आतल्या जिवाणूंना हवा मिळते ती फक्त वाहत्या पाण्यातून.

आणि इथंच तिसरा प्रश्न येतो, विजेचा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. पण ती वीज ग्रीडमध्ये जाते. त्यामुळं केंद्राच्या शेजारी राहतो म्हणून घरातला दिवा जात नाही असं काही नाही. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही बोईसरकर याच्यावर पुष्कळ विनोद करून झालो. ते दिवस गेले, तरी पावसाळ्यात वादळवाऱ्यानं झाड तारेवर पडतं आणि रात्र काळोखात जाते. टाकीतल्या उघड्या स्पंजला अशा वेळी थोडीफार हवा मिळत राहते. बंद कॅनिस्टरमध्ये काही तासांत ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरू लागतात आणि आतलं पाणी नासतं. वीज आली की मोटर ते सगळं टाकीत ओतते. म्हणून वीज बराच वेळ गेलेली असेल, तर कॅनिस्टरमधलं पाणी आधी बाहेर फेकून मगच तो सुरू करावा. स्पंज फिल्टरवाल्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घेऊन ठेवावा. तोही नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावं, अधूनमधून. आणि त्या दिवशी खाद्य घालू नये. एक दिवसाचा उपास माशाला सहज सोसतो.

एक बारीकशी गोष्ट. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं वाहून पंपात आणि मग जमिनीवर येतं. काही मंडळी आवाज होतो म्हणून किंवा बिल वाचावं म्हणून रात्री फिल्टर बंद करतात. पाच वॅटचा पंप महिनाभर रात्रंदिवस चालला तरी साडेतीन-चार युनिट होतात. तेवढ्यासाठी जिवाणूंचा श्वास कोंडू नये.

फिल्टर आणला, लावला. आता विरजण. सगळ्यांत सोपा मार्ग शेजाऱ्याकडे जाण्याचा. कोणाची टाकी वर्षभर नीट चालू असेल, मासे निरोगी असतील, तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर रिंगा मागून आणा आणि ओल्या असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. सहा आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. विरजण मागायला आपल्याकडे कोणी लाजत नाही, इथंही लाजू नये. शेजारी तसा कोणी नसेल तर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंची जेवणाची सोय होते. थेंबांच्या किटमध्ये आधी अमोनिया चढलेला दिसेल, मग नायट्राइट, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतील. तेव्हा मासे आणा, एकदम सगळे नकोत, दोन-दोन करून. बाटलीत मिळणारे जिवाणू घालायला हरकत नाही, पण ते जिवंत माल आहेत. उन्हाळाभर दुकानाच्या काउंटरवर तापलेल्या बाटलीवर सगळी भिस्त ठेवू नये.

विरजण लागल्यावर ते टिकवायचंही असतं, आणि टाक्या बिघडतात त्या बहुतेक इथं. रविवारी सकाळी घरातला कर्ता पुरुष उत्साहानं फिल्टर काढतो आणि नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत धुतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं आणि ते आपलं काम चोख करतं. बुधवारपर्यंत मासे वर येऊन श्वास घेऊ लागतात. त्याऐवजी टाकीतलंच बादलीभर पाणी काढा आणि त्यात स्पंज दोन-तीनदा पिळा. तपकिरी राहिला तर राहू द्या. तो मळ नाही, ती वस्ती आहे. आठवड्याला टाकीचं पाव पाणी बदला. नवं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जातं, किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन काढायचं औषध घाला. हे नायट्रेट काढण्यासाठी तर हवंच, शिवाय जिवाणूंच्या कामात पाण्यातला क्षार खर्च होत असतो. तो भरून निघाला नाही तर पाणी आम्ल होत जातं आणि जिवाणू मंदावतात. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. तुळशीला, कुंड्यांना घाला, त्यात खत आहे. आणि मासा आजारी पडला तर त्याला वेगळ्या भांड्यात औषध द्या. मिथिलीन ब्लू किंवा अँटिबायोटिक टाकीत ओतलं तर माशाआधी फिल्टर मरतो.

मासे किती ठेवायचे, हे मी मुद्दाम शेवटी घेतलं. खरं तर तो पहिला प्रश्न आहे. गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तो वीतभर वाढणारा आणि सतत खाणारा मासा आहे. दोन फुटी टाकी त्याच्यासाठी लहानच. काच चाटून साफ करतो म्हणून सकर मासा आणतात. तो शेवाळ खातो हे खरं, पण जे खातो ते टाकीतच टाकतो आणि स्वतः फूटभर होतो. मग तो टाकीत मावेना म्हणून जवळच्या ओढ्यात किंवा तलावात सोडून देतात. तेही करू नये. परदेशी मासा एकदा मोकळ्या पाण्यात रुजला की तिथल्या माशांची जागा घेतो. फिल्टर मोठा घेतला म्हणून मासे दुप्पट केले, असंही करतात. क्षमता वाढली की बोजा वाढवायचा, हा माणसाचा स्वभावच आहे.

आणि याचं मोठं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी कारखान्याच्या ईटीपीतून सामाईक प्रक्रिया केंद्रात जातं आणि तिथून पाइपानं नवापूरच्या समुद्रात. या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती. येणारं पाणी त्याहून जास्त असे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी तक्रारी केल्या. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनं २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं. परीक्षेत पहिलं येण्यासारखा हा पहिला नंबर नव्हता. जास्त गुण म्हणजे जास्त प्रदूषण. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं निकाल देऊन प्रदूषणाबद्दल भरपाई आकारली. ५० दशलक्ष लिटरचं नवं केंद्रही बांधावं लागलं.

ईटीपीत काम करताना आम्ही एक गोष्ट रोज पाहायचो. क्षमतेबाहेरचा बोजा आला किंवा एखादं जहाल रसायन अचानक आलं, की सगळ्यांत आधी हे अमोनिया खाणारे जिवाणू खचतात. ते फार सावकाश वाढतात. दुसरे कितीतरी जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दुप्पट व्हायला दिवस दिवस लागतो. एकदा गेले की परत यायला आठवडे. म्हणून त्यांच्या बाबतीत मागाहून उपाय करता येत नाही. बोजा किती, हे आधी ठरवावं लागतं आणि घर त्या मापाचं बांधावं लागतं.

पुढं वाळवंट संपतं तिथून सातपाटीच्या होड्या निघतात. इथल्या पापलेटला २०२३ साली राज्यानं आपला राज्यमासा म्हणून मान दिला. त्याला पन्नास लिटरची टाकी नाही, अख्खा अरबी समुद्र आहे, तरी किनाऱ्यालगतच्या पाण्याची सहन करण्याची ताकद अमर्याद नाही. समुद्राला आपण फिल्टर बसवू शकत नाही. त्यात काय आणि किती सोडायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

तेव्हा श्रोतेहो, दोन फुटी टाकी घेणार असाल तर माझा सल्ला सांगतो. हवेच्या एका पंपावर दोन स्पंज फिल्टर लावा. आलटून पालटून एकच पिळा, म्हणजे दुसऱ्यातली वस्ती शाबूत राहते. गप्पी, मोलीसारखे लहान मासे घ्या. गप्पींना पिल्लं भराभर होतात, तेव्हा सुरुवातीला सगळे नरच घ्या. टाकी चार फुटांची असेल तर टॉप फिल्टर किंवा कॅनिस्टर घ्या आणि जोडीला एक स्पंज असू द्या, वीज गेल्यावर तोच उपयोगी पडेल. आणि पहिले काही आठवडे टाकीत पाणीच पाहा. मूल विचारेल, मासे कुठं आहेत? त्याला सांगा, माशांच्या आधी कोणीतरी राहायला येतंय. ते दिसत नाहीत, पण किटमधल्या पाण्याचा रंग रोज कसा बदलतो ते तुला मोजता येईल. त्याला वही द्या, तारीख घालून आकडे लिहू द्या. जे पाणी नितळ दिसतं ते तपासूनच स्वच्छ म्हणायचं, ही सवय त्याला या वयात लागली तर पुढं ते पोर कारखान्यात गेलं, नगरपालिकेत गेलं की होडीवर गेलं, तरी ती उपयोगी पडेल.